पिकअप उंच करताय? आधी पाटे मोजा, मग पाना हाती घ्या!



जुलै २०२४ मधली गोष्ट सांगतो. सेलू तालुक्यातल्या एका गावी कपाशीची पाहणी करायला निघालो होतो. चार दिवस पावसाची रिपरिप होऊन नुकतीच उघडीप पडली होती. गावात शिरताना एका घरासमोर, लिंबाच्या झाडाखाली, एक पिकअप उभी दिसली. मागची दोन्ही चाके काढून ठेवलेली. शेजारी नवे कोरे खोके फोडलेले. त्यात जाड लोखंडी ठोकळे, लांबलचक यू बोल्ट, एक-दोन पाटे. गाडीखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले.

"काय चाललंय?" मी विचारले.

"साहेब, गाडी उंच करायलोय. दोन इंच. पाणंदीत खाली घासायलीय. किट मागवलीय, मोबाइलवर सगळं दाखवलंय बगा. मिस्त्रीची गरजच न्हाई."

मी वाकून पाहिले. सगळी गाडी एका जॅकवर. जॅक काळ्या ओल्या मातीवर, आणि मातीत रुतू नये म्हणून जॅकखाली विटेचा एक तुकडा! म्हटले, "आधी बाहेर या. चहा पाजा, मग बोलू." चहाची बशी तोंडाला लावली असेल-नसेल, मागे कट्ट आवाज झाला. वीट फुटली, जॅक तिरका झाला आणि गाडीचा मागचा आख धाडकन खाली बसला. दोन मिनिटांपूर्वी ज्या जागी माणसाची छाती होती, त्या जागी लोखंड होते. घरातली म्हातारी आई धावत बाहेर आली आणि लेकाच्या तोंडावरून हात फिरवीत उभी राहिली. त्या दिवशी कपाशी पाहायची राहूनच गेली.

मी काही मोटार मिस्त्री नाही. कृषी पदविकेला शेती अवजारे आणि यंत्रे हा विषय होता, आणि घरी भावाची पिकअप आहे, एवढाच माझा अधिकार. पण त्या दिवसानंतर पाट्यांचे काम करणाऱ्या जुन्या मिस्त्रींकडे बसून, विचारून, पाहून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. कारण आज आपल्या जिल्ह्यात पिकअप ही दुसरी बैलगाडीच झाली आहे. खत आणायचे पिकअप, सोयाबीन न्यायचे पिकअप, म्हैस दवाखान्यात न्यायची तरी पिकअप. गाडीवर कर्ज, कर्जावर हप्ता, आणि हप्त्यावर सगळे घर. म्हणून गाडीखाली शिरण्याआधी पाच मिनिटे हे वाचा.

गाडी खाली का टेकते?

पिकअपच्या मागच्या आखावर दोन्ही बाजूंना पाटे असतात. त्यात वरचा मुख्य पाटा सर्वांत लांब, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. त्याखाली क्रमाने आखूड होत गेलेले पाटे. मधोमध सेंटर बोल्ट सगळ्यांना एकत्र धरतो, आणि यू बोल्ट ही जुडी आखाला आवळून धरतात. पाट्यांना बाक असतो. ओझे पडले की बाक सपाट होतो, ओझे उतरले की परत येतो. हीच त्याची नोकरी.

गाडी खाली बसू लागली तर कारणे साधारण तीनच. एक, पाटे थकले, म्हणजे बाक परत येईनासा झाला. दोन, एखादा पाटा तुटला. तो पुष्कळदा आतल्या आत, सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तुटतो आणि वरून दिसत नाही. तीन, ओझेच जास्त होते. यांपैकी एकाही दुखण्यावर लिफ्ट किट हे औषध नाही. पाय मोडलेल्या बैलाला उंच जू बांधले म्हणून तो चालत नाही.

म्हणून आधी मोजा. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. चारही चाकांतली हवा सारखी भरा. चाकाच्या मध्यापासून वर बॉडीपर्यंतचे अंतर टेपने घ्या, डाव्या बाजूचे आणि उजव्या बाजूचे. दोन्ही सारखे नसेल तर एका बाजूचा पाटा गेला आहे असे समजा. दोन्ही सारखे, पण पाटे रिकाम्या गाडीतही सरळ फळीसारखे दिसतात, तर जुडी थकली आहे. हे मोजमाप गाडी नवी असतानाच घेऊन वहीत लिहून ठेवले तर फारच उत्तम. आपण माती परीक्षणाचा कागद जपतो तसाच हाही जपावा.

किटने नेमकी उंची कशाची वाढते?

आता खरी गंमत ऐका. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना मागे अखंड आख असतो आणि त्याच्या मध्यभागी दांतेचक्रांचा गोल डबा, म्हणजे डिफरन्शियलचा गोळा असतो. चिखलात चाकोरी खोल पडली की मधल्या उंचवट्याला आधी घासतो तो हाच गोळा.

पाटे वाढवा, ठोकळे घाला, काहीही करा; पाटे असतात आखाच्या आणि चॅसिसच्या मध्ये. त्यामुळे वर जाते ती चॅसिस आणि वरची पेटी. गोळा आहे तिथेच राहतो! तो आखाला धरून आहे, आख चाकाला धरून आहे, आणि चाकाची उंची तर बदललीच नाही. म्हणजे ज्या पाणंदीत गोळा घासत होता, तिथे दोन इंच किट बसवल्यावरही तो तितकाच घासणार.

आपल्या जुन्या लाकडी चाकाच्या गाड्या आठवा. छातीला लागतील एवढी चाके, म्हणून आख उंच, म्हणून ती गाडी भर पावसाळ्यातल्या चिखलातून निघायची. तिला ना पाटे होते ना किट. तिची उंची चाकातून आली होती. मोटारीलाही तोच नियम. पण पिकअपला मोठे टायर टाकणे हेही सोपे काम नाही. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तर आख फक्त एक इंच वर जातो. उलट इंजिनवर ताण येतो, ब्रेक लागायला जोर जास्त लागतो, काटा वेग कमी दाखवतो आणि वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. कंपनीने ठरवलेल्या मापाचाच टायर बरा.

परदेशात डोंगरात, दगडधोंड्यांत हौसेने गाड्या चालवणारे लोक अशा किट बसवतात. तिथे चॅसिसला खडक लागू नये म्हणून त्यांचा उपयोग होतो, आणि किटबरोबर ते ब्रेकच्या नळ्यांपासून शॉकॲब्झॉर्बरपर्यंत बरेच काही बदलतात. त्यांची गरज वेगळी, आपली वेगळी. आपला शत्रू खडक नाही. आपला शत्रू काळ्या जमिनीचा चिखल आणि जास्तीचे ओझे.

पाट्याचे गणित

"मग एक पाटा जास्तीचा घालतो, उंचीबी वाढंल अन् ओझंबी जास्त बसंल," असे पुष्कळ जण म्हणतात. आपल्याकडे हा प्रकार किटपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याचेही गणित समजून घ्या.

सहा सारख्या पाट्यांत सातवा तसाच घातला तर जुडीचा कडकपणा साधारण सहाव्या हिश्श्याने वाढतो. पण जाड पाटा घातला तर गोष्ट बदलते. कडकपणा जाडीच्या तिप्पट घाताने वाढतो, म्हणजे जाडी तीन वेळा गुणून. ८ मिलिमीटर ऐवजी १० मिलिमीटरचा, त्याच लांबी-रुंदीचा पाटा घातला तर तो एकटा जवळजवळ दुप्पट कडक असतो. मग सगळा भार तोच उचलतो, बाकीचे नुसते सोबतीला राहतात, आणि एक दिवस तोच तुटतो.

कडक पाट्यांची रिकामी गाडी रस्त्यावर उड्या मारते. चाक हवेत असताना ब्रेक काय कामाचा? धक्का पाटे गिळत नाहीत, मग तो चॅसिसला जातो आणि पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चिरा पडू लागतात. शिवाय माल! टोमॅटो, केळी, भाजीपाला नेणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवावेच. बाजारात पोचेपर्यंत मालाचा भुगा झाला, तर वाढवलेल्या पाट्यांनी काय कमावले?

काही नव्या गाड्यांना मागे-पुढे दोन-तीनच, पण मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेले पाटे असतात. त्यांना पॅराबोलिक पाटे म्हणतात. त्यांच्यामध्ये जागा सोडलेली असते. त्यांच्यात जुन्या पद्धतीचा पाटा खुपसू नका. त्यांची घडणच वेगळी आहे.

आणखी एक. थकलेला पाटा गावच्या भट्टीत लाल करून त्याला बाक देणारे आहेत. विळ्याला पाणी कसे द्यायचे हे आपल्या लोहारदादांना चांगले ठाऊक आहे, पण पाट्याचे पोलाद निराळे. ते ठराविक उष्णतेला तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठराविक ताव देऊन तयार होते. नुसते लाल करून वाकवलेला पाटा एक तर महिन्याभरात सपाट होतो, नाही तर काचेसारखा तडकतो. थकलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा नवा पाटा घालणे हेच शेवटी स्वस्त पडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाटे वाढले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. आख तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. आर.सी. वर गाडीचे एकूण वजन आणि रिकामे वजन दोन्ही लिहिलेले असतात. वजाबाकी करा. समजा उत्तर १,५०० किलो आले. ५० किलोचे ३० कट्टे झाले की हिशेब संपला, आणि चालक-क्लीनरचे वजनही त्यातच धरायचे. जिनिंगचा नाही तर बाजार समितीचा काटा जवळच असतो. एकदा आपली नेहमीची भरलेली गाडी त्यावर घाला. पुष्कळांचे डोळे तिथेच उघडतील.

उंच गाडी आणि उलटणे

बैलगाडी भरताना आपण उलाळ आहे की धुरजड हे बघतो. पिकअप भरताना मात्र बघत नाही. तिथे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे ओझे किती उंचावर आहे.

कागदावरचा साधा हिशेब देतो. समजा दोन्ही बाजूंच्या चाकांमधले अंतर १.४ मीटर आहे आणि भरलेल्या गाडीचा वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून १ मीटरवर आहे. अशी गाडी साधारण ३५ अंश कलली की उलटते. दोन इंच उंच केली की तो कोन ३४ अंशांच्या आत येतो. फरक लहान वाटतो. आता त्याच गाडीवर पेटीच्या वर माणूसभर उंच कापूस रचला आणि मध्यबिंदू १.४ मीटरवर गेला, तर कोन २७ अंशांच्या आत येतो. प्रत्यक्षात तर पाटे दबतात, टायर दबतात, माल सरकतो, म्हणून गाडी त्याच्याही बरीच आधी जाते. एक चाक बांधावर, दुसरे चरीत, किंवा महामार्गावर समोर अचानक दुचाकी आल्यावर मारलेले वळण. एवढे पुरते. किटने खाल्लेले एक-दीड अंश अशाच वेळी कामी आले असते.

आणि आपल्या पिकअपमध्ये नुसता माल असतो का? खुरपणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या आयाबहिणी असतात. लग्नाचे वऱ्हाड असते. देवाला निघालेली माणसे असतात. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात खाली कोसळली आणि कितीतरी घरांतल्या आया गेल्या. ते पाट्यांमुळे झाले असे मला म्हणायचे नाही. पण माल वाहायच्या गाडीत माणसे बसली की गाडीतली प्रत्येक लहान चूक मोठी होते, एवढे खरे. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्यानेही मना आहे. मग ती गाडी उंच केलेली असो वा नसो.

घरी काम करायचेच तर

थकलेले, तुटलेले पाटे त्याच मापाच्या पाट्यांनी बदलणे ही दुरुस्ती आहे. हाताखाली जाणता माणूस असेल तर घरीही होते. पण पुढील गोष्टी पाळल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

१. जागा पक्की हवी. सिमेंटचा ओटा, फरशी, नाही तर धुमस केलेला मुरूम. काळ्या मातीत ओल असेल तर काम उद्यावर टाका. जॅकखाली रुंद, जाड लाकडी फळी ठेवा. वीट, फरशीचा तुकडा, मैलाचा दगड यांतले काहीही नको. वीट सांगून फुटत नाही.

२. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांना लागतो, आणि मागची चाके उचलल्यावर त्याचा उपयोग नाही हे विसरू नका. चाकांचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करून घ्या.

३. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. उचलल्यावर चॅसिसखाली, पाट्यांच्या ब्रॅकेटच्या पुढे, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावा. काढलेली चाकेही चॅसिसखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी दगा देईल तेव्हा चाक जीव वाचवेल. मग गाडीला हाताने हलवून बघा. डुलली तर खाली शिरू नका.

४. आखाला वेगळा जॅक द्या. शॉकॲब्झॉर्बरचा खालचा बोल्ट आधी काढा, मग यू बोल्ट सोडा. आख खाली घेताना ब्रेकच्या रबरी नळीकडे सतत डोळा असू द्या. तिच्यावर आखाचा ताण आला की आतून ती फाटते आणि बाहेरून दिसतही नाही.

५. जुडी काढल्यावर सेंटर बोल्ट थेट खोलू नका! पाटे एकमेकांवर ताणलेले असतात. बोल्ट निघाला की पाटा उसळून तोंडावर येतो. दोन्ही बाजूंना मोठे शिकंजे आवळा, मग बोल्ट काढा, मग शिकंजे हळूहळू सैल करा.

६. पाटे लांबीच्या क्रमाने लावा. सेंटर बोल्ट नवा घाला. त्याचे डोके आखावरच्या भोकात नीट बसले पाहिजे. बसले नाही तर आख तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

७. यू बोल्ट दर वेळी नवे घ्या. जुने ताणलेले असतात. चारही नट आळीपाळीने, कर्णरेषेत आवळा. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. त्यासाठीचा टॉर्क पाना नसेल तर नट हाताने बसवून गाडी सावकाश कार्यशाळेत न्या. पाइप लावून दोघांनी लोंबकळणे म्हणजे आवळणे नव्हे.

८. पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. अधांतरी आवळले तर रबरी बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

९. एका बाजूचा पाटा तुटला तरी दोन्ही बाजू उघडून तपासा. एक नवी, एक थकलेली जुडी म्हणजे एक ताजा आणि एक म्हातारा बैल एका जुवाला जोडल्यासारखे आहे.

१०. पहिली भरलेली फेरी झाली की यू बोल्ट पुन्हा तपासा, आणि पुढे ५०० किलोमीटरला आणखी एकदा. नवे पाटे बसतात, मग बोल्ट सैल पडतात. पुष्कळ सेंटर बोल्ट तुटतात ते या आळसामुळे.

पुढच्या आखाला मात्र घरी हात लावू नका. पुढची उंची बदलली की स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात आणि गाडी आपोआप एका अंगाला ओढू लागते. पुढे ठोकळे घालणे तर साफ वर्ज्य. आणि मागेसुद्धा एकावर एक ठोकळे रचू नयेत. ब्रेक मारताना आख पिळतो आणि रचलेला ठोकळा निसटू शकतो.

न दिसणारा झडपा

आता जे कोणत्याही खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले नसते ते सांगतो. कित्येक पिकअपना मागे, चॅसिसवर, एक लहानसा झडपा असतो. त्यातून एक दांडी आखाकडे गेलेली असते. याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात. ओझे पडून चॅसिस खाली आली की दांडी हलते आणि झडपा मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. गाडी रिकामी असली की जोर कमी करतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत.

तुम्ही चॅसिस दोन इंच वर उचलली की या झडप्याला काय वाटते? गाडी रिकामी आहे! ३० कट्टे भरलेले असताना तो मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीचा जोर देतो. रोजच्या चालीत हे कळत नाही. कळते ते उतारावर, पावसात, समोर शाळेची मुले आल्यावर. घरी किट बसवणाऱ्यांपैकी मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या एकालाही हा झडपा ठाऊक नव्हता. नुसते पाटे बदलले तरी या दांडीचे माप मिस्त्रीकडून तपासून घ्या.

तसेच प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे क्रॉस लवकर जातात आणि गाडी थरथरते. हँडब्रेकची तार ताणली जाते. मागची बाजू उचलली गेली की पुढचे दिवे खाली रस्त्यात पडतात, पुढची उचलली की समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे सगळे एकाच दोन इंचांचे पोटभाडेकरू!

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बनावटीत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जास्तीच्या ओझ्याचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. सोयाबीनचे चार कट्टे जास्त भरून वाचलेले भाडे आणि हा दंड, हिशेब तुम्हीच करा.

पाटे त्याच मापाचे बदलणे ही दुरुस्ती. उंची वाढवणारी किट हा बदल. बसवायचीच असेल तर आधी परभणीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा. कारण उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन येतो, आणि मूळ माप जुळले नाही की वाद घालायला तो मोकळा. गाडी गेली, विमा अडकला, हप्ता मात्र चालूच.

मग चिखलाचे काय?

हा प्रश्न खरा आहे. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, चाकाला लोणीकाल्यासारखी चिकटते, आणि उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अशा मातीत दीड टनाचे ओझे घेऊन कोणतीच पिकअप धड चालणार नाही, मग ती दोन इंच उंच असो की चार.

त्यावर उपाय दोन. पहिला ज्याच्या त्याच्या हातचा. पावसाळ्यात माल शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने काढा आणि पिकअप रस्त्यावर भरा. वाफसा आल्याशिवाय भरलेली गाडी शेतात घालू नका. चाकोरीने जमीन दबते, आणि तिथे पुढच्या हंगामात पीकही खुरटते, हे माझ्या खात्याचे बोलणे म्हणून तरी ऐका. दुसरा उपाय गावाच्या हातचा, आणि तो म्हणजे पाणंद. पाणंदीसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली होती. योजना येतील-जातील, पण पाणंद मोकळी करायला दोन्ही बाजूंच्या बांधकऱ्यांनी हात हातचा सोडावा लागतो. दहा जणांनी दहा किट घेण्याच्या पैशात मुरमाच्या किती ट्रॉल्या येतील, हे एकदा पारावर बसून मोजा. आणि मुरूम पडला तर सगळ्यांच्याच गाड्या उंच होतात!

सेलूकडच्या त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याच आठवड्यात त्याने जुडी मिस्त्रीकडे नेली. डाव्या बाजूचा तिसरा पाटा सेंटर बोल्टपाशी तुटलेला निघाला, आणि दोन पाटे पार सपाट. दोन्ही बाजू कंपनीच्या मापाने नव्या केल्या. गाडी आपोआप वर आली, जेवढी ती मुळात होती तेवढी. किट त्याने परत पाठवली. पुढे सोयाबीनच्या वेळी भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, आता काट्यावर घालूनच गाडी हलवतो. कट्टे कमी बसतात, पन आई आता दारात उभी राहून वाट बगत न्हाई."

बंधूंनो, गाडीखाली शिरताना एवढे आठवा. पाटा बाजारात मिळतो, जॅक मिळतो, गाडीसुद्धा हप्त्याने मिळते. जी गोष्ट मिळत नाही, ती विटेच्या तुकड्यावर ठेवू नका.